छोट्या लाइनची वाघीण: घरी बनवायची कशी आणि उन्हाधुळीत मुरवायची कशी

पहिलेच सांगून टाकतो, रेल्वेचं मॉडेल करायचं तर इंजिनापासून सुरुवात करू नका. सगळ्यांना इंजिनच पाहिजे असते, वाफेचं, चिमणीवालं, आणि मग मोटर, गिअर, चाकांचे दांडे यातच सगळा उत्साह संपून जातो आणि अर्धवट सांगाडा कपाटावर पडून राहतो. त्यापेक्षा मालगाडीची एक बंद वाघीण, म्हणजे मालडबा, घ्या. चार भिंती, एक छप्पर, दोन बोगी (डब्याखालचे चाकांचे सांगाडे), दोन दरवाजे, संपलं. चुकली तरी खिशाला भारी पडत नाही, आणि वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरून मळल्या-विटल्यासारखं रंगवणं, शिकायला यापेक्षा चांगली चीज नाही, कारण इंजिनाला निदान कोणी पुसायचं तरी, वाघिणीला कोण पुसते.

आणि वेदरिंगबद्दल माझा एकच हट्ट आहे, तो शेवटपर्यंत लक्षात ठेवा: मॉडेलवरचा प्रत्येक डाग कुठून आला ते सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तो डाग लावायचा नाही. व्हिडिओत जे शिकवतात ते बहुतेक इंग्लंडच्या गाड्यांचं असते, तिकडे बारा महिने ओल, म्हणून हिरवट शेवाळ आणि ओघळलेला गंज. आपल्याकडे नागपूर-छिंदवाडा लाइनवर आठ महिने कोरडं ऊन आणि धूळ, मग चार महिने पाऊस. इथली वाघीण आधी विटते, मग धुळीनं माखते, गंज तिसऱ्या नंबरवर येतो. काय किती दिसावं याचा हा क्रम पकडला की अर्धं काम झालं.

काळ कोणता ते ठरवा

छोटी लाइन म्हणजे नॅरो गेज, दोन रुळांमधलं अंतर आपल्याकडे ७६२ मिमी, अडीच फूट. विदर्भ आणि सातपुड्यातलं हे जाळं मुख्यतः बंगाल नागपूर रेल्वेचं, म्हणजे बी.एन.आर., कंपनी १८८७ ची. १९४४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली, १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये त्यातून दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली, आणि २००३ पासून इकडचा कारभार दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. हे सगळं कशाला सांगून राहिलो, तर वाघिणीवर कोणती अक्षरं लिहायची ते यावरून ठरते. बी.एन.आर. लिहिलेल्या वाघिणीला झेडडीएम, म्हणजे बी.एन.आर.नंतरच्या काळातलं छोट्या लाइनचं डिझेल इंजिन लावलं तर पाहणारा जाणकार काही बोलणार नाही, पण गालात हसेल.

छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये, दोन्ही ब्रॉडगेज करण्यासाठी. म्हणजे शेवटच्या वर्षांचे मोबाइलवर काढलेले फोटो ढिगानं आहेत. सावनेर, केळोद, सौंसर, रामाकोना, उमरेड, भिवापूर, या गावांत कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्या जुन्या फोनमध्ये पाहायला सांगा, लग्नाला जातानाचा प्लॅटफॉर्मवरचा फोटो असतो आणि मागे डब्याचा अख्खा कोपरा दिसते. असे फोटो रंगासाठी सोन्यासारखे, कारण ते काढणाऱ्याला गाडी सुंदर दाखवायची नव्हती.

शकुंतलेवर जीव असेल, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, तर तीही याच गेजची. मँचेस्टरमध्ये १९२१ ला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. पण आपण वाघिणीवर येऊ.

मोतीबागेत टेप घेऊन जा

नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरो गेज रेल म्युझियम आहे, २००२ पासून. वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून जा. लोक तिथं इंजिनासमोर सेल्फी काढून परत येतात. तुम्ही खाली वाका. चाकाचा व्यास, रुळापासून कपलिंगची उंची, दोन रिव्हेटमधलं अंतर, दरवाजाच्या कडीची जाडी, हे मोजा आणि प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी धरून ठेवा, म्हणजे घरी आल्यावर फोटोवरूनही माप काढता येते. एक गोष्ट तिथं लगेच दिसते, ब्रॉडगेजला दोन्ही कोपऱ्यांवर बफर असतात, छोट्या लाइनला मधोमध एकच, त्यातच कपलिंग. मॉडेलला चार कोपऱ्यांत बफर लावले की ती छोटी लाइन राहतच नाही.

म्युझियममध्ये उभ्या गाडीचा रंग मात्र कॉपी करू नका, तो देखभालीचा ताजा रंग असते. माप तिथून, मळ फोटोतून. आणि कुठल्या यार्डात नाहीतर बंद पडलेल्या लाइनवर परवानगीशिवाय घुसून नट-बोल्ट उचलू नका, तो सरळ गुन्हा आहे.

स्केल

नवीन माणूस इथं खूप गोंधळतो म्हणून सरळ सांगतो. दोनच रस्ते कामाचे आहेत. १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं बनवलं तर ७६२ मिमी चे ८.७६ होतात, म्हणजे मॉडेलवाल्यांचा एन गेज नावाचा ९ मिमी चा रूळ चालते, याला एचओई म्हणतात. १:४८ मध्ये बनवलं तर १५.९ होतात, म्हणजे बाजारात नेहमी मिळणारा एचओ नावाचा १६.५ मिमी चा रूळ चालते, याला ओएन३० म्हणतात. पहिल्यात जागा कमी लागते पण सगळं चिमुकलं, दरवाजाची कडी म्हणजे केसाएवढी. माझं मत, पहिली वाघीण १:४८ मध्ये करा. एचओचे रूळ आणि बोगी आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात, हातात धरायला वस्तू बऱ्यापैकी मोठी होते, आणि वेदरिंग दिसते. रुळात अर्ध्या मिमी पेक्षा थोडा जास्त फरक पडते, तो पडू द्या.

१:४८ मध्ये एक फूट म्हणजे ६.३५ मिमी. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

सामान

एक मिमी ची पांढरी स्टायरिन (प्लास्टिकची) शीट मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर सीताबर्डीच्या कुठल्याही मोठ्या स्टेशनरीत आर्किटेक्चरची पोरं घेतात तो पातळ सनबोर्ड. आणि तोही नसेल तर घरातल्या लग्नपत्रिका काढा, जाड पुठ्ठ्याच्या, दोन एकावर एक फेविकॉलनं चिकटवून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा आणि कापलेल्या कडेवर फेविक्विकचं बोट फिरवा (बोट म्हणजे प्लास्टिकच्या काडीचं, स्वतःचं नाही), पुठ्ठा असा कडक होते की त्याला फाइलसुद्धा करता येते. बाकी स्नॅप-ब्लेड कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, संपलेली बॉलपेनची रिफिल, पातळ तांब्याची तार. तार जुन्या चार्जरच्या वायरमधून निघते. स्टायरिनला टामिया कंपनीचा पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, सनबोर्ड आणि पुठ्ठ्याला फेविक्विक.

सांगाडा

खाली जे माप देतो ते एका विशिष्ट वाघिणीचं नाही, सरावाचं आहे, छोट्या लाइनच्या अंगकाठीला शोभेल असं. तुम्ही मोजून आणलं असेल तर तुमचंच वापरा. २० फूट लांब, ७ फूट रुंद, बाजूची भिंत ६ फूट. म्हणजे लांबी १२७ मिमी, रुंदी ४४.५, भिंत ३८.

शीट एक मिमी ची असेल तर लांब भिंती पूर्ण १२७ च्या कापा, पण टोकाच्या दोन भिंती ४४.५ च्या कापू नका, त्या दोन्ही लांब भिंतींच्या मध्ये बसतात म्हणून ४२.५. तळ १२५ गुणिले ४२.५. कटर एकदम जोरात चालवायचा नाही, हलक्या हातानं चार-पाच वेळा रेघ ओढायची आणि मग वाकवून मोडायचं. आधी तळ आणि एक लांब भिंत गुण्यात चिकटवा, वाळू द्या, मग टोकं, मग दुसरी भिंत. चारही भिंती एकदम उभ्या करायला गेलं की डबा तिरपा होते आणि तिरपा डबा रुळावर ठेवल्याशिवाय कळत नाही.

छपरासाठी अर्धा मिमी शीट, १३० गुणिले ५० मिमी. आत तीन कमानी लागतात, मधोमध ६ मिमी उंच. शीट पाण्याच्या बाटलीवर गुंडाळून कापडी पट्टीनं बांधा, वरून गरम पाणी ओता, उकळतं नको, आणि थंड झाल्यावर सोडा. बाक आपोआप राहते. कडा मग घासून बरोबर करा, बाजूला दीड-दोन मिमी पागोळी सुटली पाहिजे. छप्पर चिकटवायची घाई मात्र नको, आधी वजन आत जायचं आहे.

भिंतीवर आता उभ्या लोखंडी पट्ट्या आणि रिव्हेट. रिव्हेट म्हणजे खरं नाटक. पातळ कार्डाची २ मिमी रुंद पट्टी कापा, उलटी करून जुन्या कापडावर ठेवा, आणि रिकाम्या रिफिलनं टोचत जा, समोरून फुगवटा येते. दोन रिव्हेटमधलं अंतर तीन इंच धरलं तर १.६ मिमी येते, डोळ्यानं ते सरळ राहत नाही म्हणून आलेखाचा कागद खाली ठेवून त्याच्या रेघांवर, दोन चौकटींना थोडं कमी असं टोचा. कंटाळा येते, येऊ द्या. एका बसण्यात एकच भिंत करा.

दरवाजा मधोमध, साधारण ५ फुटाचा, म्हणजे ३२ मिमी. भिंतीवर वेगळा तुकडा म्हणून चिकटवा, कोरू नका. वर एक पट्टी, खाली एक, आणि तांब्याच्या तारेची कडी. ही कडी नीट करा, पाहणाऱ्याचा डोळा तिथंच जाते.

बोगी आणि वजन

एचओच्या आर्चबार बोगी चालतात. त्यात ओओ नावाच्या मॉडेल स्केलची १२.६ मिमी ची चाकं बसली तर अजून छान, १:४८ मध्ये ती साधारण दोन फुटी होतात, पण आसाची लांबी जुळते का ते आधी पाहा. टोकापासून २५ मिमी वर बोगीचा स्क्रू. एक बोगी फक्त गोल फिरेल एवढी कसा, दुसरी थोडी सैल, म्हणजे ती डावी-उजवीही डुलेल. दोन्ही सारख्या कसल्या की रूळ जरा वाकडा आला की एक चाक हवेत. कपलिंग, म्हणजे डबे जोडायचा आकडा, केडी कंपनीचं ५ नंबर.

वजन एकूण ८० ते १०० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगचे चिकट तुकडे असतात, ते तळाला दोन्ही बोगींच्या वर सारखे लावा. आता छप्पर बंद.

रंग, आणि नागपूरचं ऊन

भांडी घासायच्या साबणानं डबा धुऊन घ्या, बोटाचं तेल राहिलं तर रंग सुटते. वरून राखाडी प्रायमर, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात स्प्रे मिळते, मास्क लावून गच्चीवर. आता वेळ सांभाळा. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत स्प्रे केला तर रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते, म्हणून सकाळी सहा-सातला करा. घरात कूलरसमोर तर अजिबात नाही, ओलसर हवा आणि तिच्यासोबत गवताचा कचरा येऊन चिकटते. जुलै-ऑगस्टात उलटं होते, दमट हवेत लॅकर पांढरट पडते, त्या दिवसांत ब्रशनं अॅक्रिलिक लावा आणि निवांत राहा.

मूळ रंग रेड ऑक्साइडचा, पण सरळ डब्यातून नको. कॅमलिनच्या अॅक्रिलिकमध्ये बर्न्ट सिएन्ना, थोडा लाल, थोडा बर्न्ट अंबर. पातळ करून दोन-तीन हात. अक्षरं पांढऱ्या जेल पेननं, पेन्सिलच्या रेघा आखून. साध्या लेझर प्रिंटरवर पांढरं छापता येत नाही म्हणून डिकलच्या (छापून चिकटवायच्या अक्षरांच्या) भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका. हातानं लिहिलेलं अक्षर थोडं वाकडं गेलं तरी खटकत नाही, खऱ्या वाघिणीवरही पेंटरच लिहायचा. यावर मॅट वार्निशचा एक हात, म्हणजे पुढच्या मळकट कामात अक्षरं वाहून जाणार नाहीत.

आता मळवायची

आधी ऊन. मूळ रंगातच पांढरा आणि यलो ऑकर घालून खूप पाणी घाला, इतकं की ब्रशमधून रंगीत पाणीच येते असं वाटलं पाहिजे, आणि भिंतीवर वरच्या भागात जास्त, खाली कमी असे हात द्या. छप्पर सगळ्यात जास्त विटवा, त्याच्यावर दिवसभर ऊन. पागोळीच्या लगेच खाली दोन-तीन मिमी ची पट्टी मात्र मूळ रंगाचीच ठेवा, तिथं सावली असते. एवढी एक पट्टी सोडली की मॉडेल एकदम मोठं आणि खरं दिसायला लागते. फळ्या किंवा पत्रे दाखवले असतील तर एक-दोन वेगळ्या छटेत रंगवा, दुरुस्ती झाली असं वाटते.

मग खाचा. बर्न्ट अंबर आणि काळा, पाण्यात, त्यात साबणाचा एक थेंब. रिव्हेटच्या बाजूनं, दरवाजाच्या फटीत सोडा, वरचं जास्तीचं ओलसर ब्रशनं खाली ओढून घ्या, नेहमी वरून खाली, कारण पावसाचं पाणी आडवं वाहत नाही. उन्हाळ्यात हे पाणी इतकं पटकन वाळते की कडेनं गोल वळ राहतात, तेव्हा पंखा बंद करा, एका वेळी बोटभर जागाच घ्या.

गंज आता सांगतो, पण हे काम मूळ रंगाच्या वेळीच करायचं, आणि कंजुषीनं. खडे मीठ ठेचून दोन-चार कण ओल्या ठिकाणी चिकटवायचे, छपराच्या कडेला, खालच्या पट्टीला. आधी खाली गंजाचा रंग दिलेला असला पाहिजे, वरून विटका लाल, वाळलं की नखानं मीठ पाडायचं. खालचा गंज पोपडा उडाल्यासारखा दिसते. हे मूळ रंग देतानाच ठरवून ठेवावं लागते, मागाहून करायला गेलं की अक्षरांवर चढते.

दरवाजापाशी थांबा थोडं. इथं धानाची पोती चढतात-उतरतात असं धरू. पोतं कुठं घासते? उंबऱ्यावर. म्हणजे दरवाजाच्या खालच्या पट्टीवर रंग उडून लोखंड उघडं, आणि ते गंजलेलं नाही, घासून चमकलेलं. तिथं ६बी पेन्सिलच्या टोकाची पूड बोटानं चोळा, धातूसारखी चमक येते. कडीभोवती हमालाचा हात रोज लागते, तिथं धूळ नाही, उलट घामा-तेलाचा काळपट तुकतुकीत डाग, वाटाण्याएवढा, थोडा ग्लॉस वार्निश. कडी जिथं उघडून भिंतीवर आपटते तिथं एक छोटी कमान खरचटलेली, सुईनं. उंबऱ्याच्या खाली कोंड्याची फिकट पिवळी भुकटी सांडलेली. एवढ्या एका बोटभर जागेत चार डाग झाले आणि चारही कुठून आले ते सांगता येते. दरवाजापासून दूर भिंतीच्या मधोमध मग काहीच करू नका, तिथं कोणी हात लावत नाही, फक्त ऊन आणि पाऊस.

आणि वाघीण मँगनीजच्या पट्ट्यातली, म्हणजे मनसर-कांद्रीकडची दाखवायची असेल तर भुकटी काळी, किंचित तपकिरी झाक असलेली. ती काजळीत थोडा अंबर मिसळून बनवा, खरं मँगनीज आणून कुटत बसू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

भुकट्या विकत घ्यायची गरज नाही. गेरू, चुलीची राख, विटेची पूड, पिवळी माती, काजळी, आणि शेतातली काळी माती, सगळं उन्हात वाळवून, खलून, वस्त्रगाळ करून जुन्या औषधाच्या डब्यांत भरा. मुलांचे कोरडे पेस्टल खडू ब्लेडनं खरवडले तरी चालते, तेलकट नको. बोगी आणि खालच्या भागाला आधी ब्रेकची धूळ, म्हणजे गेरू, अंबर आणि काजळी, चाकाच्या आसपास दाट. त्यावर राख आणि पिवळ्या मातीची फिकट धूळ, रुळाच्या बाजूनं उडून आलेली, म्हणून खाली दाट आणि भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत विरत गेलेली. कोरड्या मऊ ब्रशनं. चाकाची रुळावर घासणारी कड शेवटी स्वच्छ पुसा, ती चकचकीतच असते.

सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. हे मारलं की अर्धी भुकटी गायब होते, सगळ्यांचीच होते, तेव्हा एक तर दीडपट लावून ठेवा नाहीतर फक्त हात लागतो तिथं वार्निश मारा आणि बाकी तसंच सोडा.

इंजिनाचा मोह सुटत नसेल तर

बी.एन.आर.च्या सीसी क्लाससारखं, म्हणजे ४-६-२ चाकांचं इंजिन पुढे करायचं डोक्यात असेल तर एवढंच, वरची काजळी सगळ्यांना सुचते, पांढरं कोणाला सुचत नाही. बॉयलरवर जिथून पाणी-वाफ गळते, सेफ्टी व्हॉल्व्हखाली, इंजेक्टरच्या, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या नळीपाशी, तिथं पाण्यातला क्षार वाळून पांढरे ओघळ येतात, आपल्या बोअरच्या पाण्यानं कूलरच्या जाळीवर चढतात तसेच. पांढरा आणि चिमूटभर ऑकर, बारीक ब्रशनं, वरून खाली. दांड्यांवर ग्रीसचा ओला काळा. चिमणीची काजळी छपरावर आणि टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, पुढच्या भागावर जास्त.

ठेवायची कुठं

काच लावलेल्या खोक्यात, खिडकीच्या उन्हापासून लांब, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी सोबत. दाखवायला कोणाकडे नेली तर उन्हात उभ्या कारमध्ये ठेवून जेवायला जाऊ नका, सनबोर्ड तर वाकतोच, स्टायरिनचं छप्परही डॅशबोर्डवर उसळून सुटते. दुचाकीच्या डिक्कीत तर नेऊच नका, बोगी काढून वेगळ्या फोममध्ये गुंडाळा आणि डबा मांडीवर धरून कोणाला तरी मागे बसवा.